पाण्याचं काय?

"वाट एकदा नीट तयार केली की पुढे बरीच वर्षं बघावं लागत नाही" हे डोंगरातल्या पायवाटांवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. वाट पायांनी खराब होते त्यापेक्षा जास्त पाण्याने होते, वाटा दुरुस्त करणाऱ्या आमच्या ग्रुपचं निम्मं काम तेच असतं, वाटेवरचं पाणी बाजूला काढणाऱ्या आडव्या चरांतला गाळ-पाला उपसायचा आणि दरीकडची कड मातीने उंच झाली असेल तर ती खरवडून बाहेरच्या बाजूला साधारण 5 टक्के उतार परत आणायचा, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता बाजूला निघून जातं. यात फोटो काढण्यासारखं काही नसतं, त्यामुळे उद्घाटनाची गर्दी इथे येत नाही, असो.

आणि शॉर्टकट नुसत्या पाट्यांनी थांबत नाहीत हो. वळणावरून खालची वाट दिसली की माणूस सरळ उतरणारच, तिथे दगड, वाळकी झुडपं आडवी टाकावी लागतात. मुळात आखतानाच वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून कमी, शक्यतो सरासरी 10 टक्क्यांच्या आत ठेवला तर दुरुस्ती खूप कमी होते. उत्साही मंडळी फावडं आधी उचलतात, उतार नंतर मोजतात.