फवारणीने कोक मजबूत होत नाही

‘कोकवर बोरिक अॅसिडचं पाणी फवारा, सीएसआर वाढेल, मग महागडा कोकिंग कोल हवाच कशाला?’ हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. कोक म्हणजे हवेविना भाजलेला कोळसा, लोखंड काढायच्या झोतभट्टीत लागतो तो; कोकिंग कोल म्हणजे ज्यापासून तो बनतो तो कोळसा; आणि सीएसआर म्हणजे गॅसने पोखरल्यावर कोकमध्ये उरलेली ताकद. दुर्लक्ष करत होतो. पण मेटलर्जीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीने त्यावरच प्रोजेक्ट बेतलाय म्हटल्यावर गप्प बसवेना.

बोरिक अॅसिडमधल्या बोरॉनने सीएसआरचा आकडा वाढतो, हे खरं आहे. नाइलाजाने मान्य. पण आकडा येतो कुठून ते बघा. आयएसओ १८८९४ या मानकाच्या चाचणीत सुमारे २० मिमीचे २०० ग्रॅम तुकडे ११०० अंशांवर दोन तास कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवतात. जेवढं वजन घटलं त्याची टक्केवारी म्हणजे सीआरआय. उरलेला कोक ड्रममध्ये ६०० फेरे फिरवतात. त्यातला १० मिमीपेक्षा मोठा राहिलेला भाग म्हणजे सीएसआर. मेख इथेच आहे. वेळ ठरलेली आहे, वजनाची घट नाही. साध्या कोकचे १४० ग्रॅम उरले आणि फवारलेल्याचे १६०, तर दुसऱ्याला भोकं कमी पडलेली असणार, तो ड्रममध्ये कमी फुटणारच. त्याच्या भिंती जाड झाल्या का? नाही. गॅसला नुसता उशीर झाला. भट्टीत कोक दोन तासांत सुटत नाही, तिथे पोटॅशियमची वाफही त्याला पोखरत असते, आणि घासून वरचा थर गेला की आत तोच न फवारलेला कोक. या भरवशावर कोणी मिश्रणातला चांगला कोळसा काढला, तर खाली बारीक चुरा साचून भट्टीचा श्वास कोंडेल. भट्टी चालवणाऱ्यांना हे भोगावं लागतं, मेसेज पाठवणाऱ्यांना नाही.

‘एम-४० चांगला म्हणजे कोक चांगला’ हेही त्याच मेसेजात. एम-४० हा ड्रममध्ये फिरवून काढलेला आकडा थंड कोकची ताकद सांगतो, बस्स.

‘भट्टीत खालून कोळशाची पूड फुंकली की कोक लागत नाही’: पूड जळते, पण वरच्या धातुकाचा भार पेलत नाही. खनिज मऊ होऊन वितळतं तिथे घट्ट राहून गॅसला वाट देणारा कोकच असतो. उलट पूड वाढवली की उरलेल्या कोकवर ताण वाढतो.

‘रिअॅक्टिव्हिटी (गॅसमध्ये कोक किती झिजतो ते, म्हणजे वरचा सीआरआय) जितकी कमी तितकी चांगली’ हे बहुतेक भट्ट्यांसाठी चालेल. तरी जपानमध्ये मुरोरानला कॅल्शियम मिसळून मुद्दाम जास्त रिअॅक्टिव्ह कोक बनवला आणि भट्टीत इंधन वाचवलं. फक्त त्यांनी ताकद सोडली नाही. ती कोळशाचं मिश्रण, स्टॅम्प चार्जिंगने (कोळसा ठोकून घट्ट भरून) वाढवलेली घनता आणि कोक भाजायच्या ओव्हनमध्ये पुरेसा वेळ यांतून येते.

भाचीला सांगितलंय, प्रोजेक्ट सोडू नकोस, चाचणी बदल. दोन्ही कोक सारखेच, समजा २० टक्के, घटेपर्यंत गॅसमध्ये ठेव आणि मग ड्रम फिरव. तेव्हाही फवारलेला कोक सरस ठरला, तर त्या मेसेजवर पुन्हा बोलू.