बावीस वर्षं सलग? एलिशा स्कॉटबद्दल फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

लिव्हरपूल आणि एव्हर्टन या एकाच शहरातल्या दोन फुटबॉल क्लबांचा सामना, म्हणजे डर्बी, जवळ आली की चाहत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो. त्याचा सारांश असा: बेलफास्टचा एलिशा स्कॉट १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षं लिव्हरपूलच्या गोलात सलग उभा होता आणि राखीव गोलकीपरला बाकावरून उठायची वेळच आली नाही. एव्हर्टनचा फॉरवर्ड डिक्सी डीन याने एकदा रस्त्यात मान हलवली, तर पठ्ठ्याने हेडर (डोक्याने मारलेला चेंडू) समजून काचेच्या खिडकीतून सूर मारला. शेवटी चाहत्यांनी बंड केलं म्हणून तो लिव्हरपूलचाच राहिला.

मीही लाल जर्सीवालाच, म्हणजे लिव्हरपूलचा चाहता, त्यामुळे स्कॉटला कमी लेखायचं पाप माझ्या हातून होणार नाही. पण हे वाचून वाटतं, लिहिणाऱ्याने त्या माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात रंगतदार भागच खोडून टाकला आहे.

आधी ‘बावीस वर्षं सलग’ हे. यात साधा हिशेब चुकतो. १९१२-१३ ते १९३३-३४ हे मोसम बावीस खरे, पण पहिल्या महायुद्धामुळे १९१५ ते १९१९ लीगच बंद होती. उरले अठरा. युद्धाआधी पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, डिव्हिजनमध्ये वीस संघ, म्हणजे मोसमाला ३८ सामने; युद्धानंतर बावीस संघ, ४२ सामने. तीन मोसमांचे ११४ आणि पंधरा मोसमांचे ६३० मिळून लिव्हरपूल ७४४ लीग सामने खेळलं. त्यात स्कॉट होता ४३० सामन्यांत. एफए कप, म्हणजे इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा, धरून ४६८. म्हणजे तीनशेहून जास्त लीग सामन्यांत गोलात दुसरंच कोणीतरी होतं. आंतरराष्ट्रीय सामने पुष्कळदा लीगच्या शनिवारीच पडायचे, ही सबब मान्य. पण त्याच्या कॅप्स, म्हणजे देशाकडून खेळलेले सामने, एकूण ३१. त्या सगळ्या वजा केल्या तरी खड्डा भरत नाही.

मग कोण होतं? सुरुवातीला केनेथ कॅम्पबेल, स्कॉटलंडचा. एलिशाचा थोरला भाऊ बिली स्कॉट एव्हर्टनचा गोलकीपर होता, १९०६ च्या एफए कप विजयातला. त्याने धाकट्याचं नाव आधी एव्हर्टनलाच सुचवलं. त्यांना पोरगा लहान वाटला, तेव्हा तो १९१२ मध्ये लिव्हरपूलला आला, तोही कॅम्पबेलच्या मागचा म्हणून. १ जानेवारी १९१३ ला न्यूकॅसलच्या मैदानावर त्याला पहिला सामना मिळाला आणि ०-० सुटला. न्यूकॅसलवाले इतके खूश झाले की त्याला घ्यायला निघाले, आणि स्कॉटलाही जायचं होतं. एका सामन्यानंतर जावंसं वाटलं, यातच पहिल्या संघाचं दार त्याला किती बंद दिसत होतं ते आलं. मॅनेजर टॉम वॉटसनने समजूत काढून त्याला थांबवलं. पण एप्रिल १९१४ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर लिव्हरपूल पहिल्यांदा एफए कपची फायनल खेळलं आणि बर्नलीकडून ०-१ हरलं, तेव्हा गोलात कॅम्पबेलच होता. तो १९२० मध्ये पार्टिक थिसलला गेला आणि मग कुठे जागा पक्की स्कॉटची झाली. आल्यापासून आठ वर्षांनी!

‘बाकावरून उठायची वेळच आली नाही’ हे वाक्य तर त्या काळात बसतच नाही. बाक होताच कुठे? इंग्लिश लीगमध्ये बदली खेळाडूची सोय १९६५ साली आली. त्याआधी गोलकीपर जायबंदी झाला की फुलबॅक नाहीतर फॉरवर्ड त्याची जर्सी चढवून उभा राहायचा. आपल्या डोक्यात राखीव म्हणजे क्रिकेटमधला पाणी घेऊन पळणारा बारावा गडी असतो, तसं हे नव्हतं. राखीव गोलकीपर त्याच शनिवारी दुसरीकडे पूर्ण नव्वद मिनिटं खेळत असे. उत्तरेकडच्या क्लबांच्या राखीव संघांसाठी सेंट्रल लीग होती. पहिला संघ बाहेरगावी गेला की बहुधा घरच्या मैदानावर राखीव संघाचा सामना व्हायचा. कंटाळून निघून जावं म्हटलं तरी नोंदणी क्लबच्या हातात, आणि १९२२ पासून पगाराला आठवड्याला आठ पौंडांची कमाल मर्यादा. क्लबने सोडल्याशिवाय हलता येत नसे.

यातून आलेला स्कॉट १९२१-२२ आणि १९२२-२३ मध्ये लागोपाठ लीग जिंकतो. दुसऱ्या वर्षी तो सगळे ४२ सामने खेळला आणि गोल खाल्ले फक्त ३१. ही कामगिरी फुगवायची गरजच नाही.

नंतर पुन्हा तेच. १९२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून आर्थर रायली आला, आणि कानामागून येऊन तिखट झाला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बराच काळ रायली गोलात आणि स्कॉट बाहेर, असं चित्र होतं. तिशी उलटलेल्या दोन वेळच्या विजेत्याला पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं, आणि त्याने जागा परतही मिळवली. मजकुरातून नेमकं हेच गायब आहे.

आता काचेची खिडकी. गोष्ट झकास आहे, मीही चार ठिकाणी सांगितली आहे. पण ती एका रूपात सापडत नाही. कुठे काच आहे, कुठे फुलांचा वाफा, कुठे गटार. रस्ताही सांगणाऱ्यागणिक बदलतो. काच फोडून गेलेला गोलकीपर पुढच्या शनिवारी खेळला कसा, हे कोणी सांगत नाही. दोघांच्या चुरशीवर शहराने केलेला विनोद म्हणून ती वाचावी. डीन स्वतः मात्र स्कॉटला सर्वोत्तम गोलकीपर मानायचा, आणि ते सांगायला काच फोडावी लागत नाही.

राहिलं बंड. १९३४ मध्ये एव्हर्टनने २५० पौंड देऊ केले, बातमी फुटली, ‘लिव्हरपूल एको’ या वर्तमानपत्राकडे संतापाची पत्रं गेली आणि सौदा मोडला. इथपर्यंत बरोबर. पण त्यामुळे तो राहिला नाही. फेब्रुवारीत चेल्सीविरुद्ध शेवटचा सामना खेळून झाला होता आणि त्यानंतर क्लबने त्याला बेलफास्ट सेल्टिककडे जाऊ दिलं, खेळाडू आणि मॅनेजर म्हणून. जाताना त्याने ॲनफिल्ड या लिव्हरपूलच्या मैदानावर प्रेक्षकांसमोर निरोपाचे दोन शब्द बोलून कॉपवरच्या, म्हणजे गोलामागच्या स्टँडमधल्या, मंडळींचे खास आभार मानले.

आणि एक बारीकशी दुरुस्ती. मजकुरात तो ‘नॉर्दर्न आयर्लंड’कडून खेळला असं आहे. बेलफास्टच्या संघटनेचा संघ तेव्हा ‘आयर्लंड’ म्हणूनच उतरायचा आणि दक्षिणेतलेही खेळाडू निवडायचा. त्याच संघाच्या गोलात मार्च १९३६ मध्ये, वेल्सविरुद्ध, चाळिशी ओलांडलेला स्कॉट शेवटचा उभा राहिला. लिव्हरपूल सोडून तेव्हा जवळपास दोन वर्षं झाली होती.