नावातलं ‘इंडिका’ आणि माझी चुकलेली शमी

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. आज पहाटे परत इंदूरजवळच्या रालामंडल अभयारण्यात जाऊन आलो आणि मगच लिहायला बसलो, म्हणून उत्तराला उशीर झाला.

ज्यांनी मागचा लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रालामंडलच्या टेकडीवर होळकरांच्या शिकारबाडीकडे जी पायवाट चढते, तिच्या कडेच्या झाडांची मी यादी दिली होती. प्रत्येक नावापुढे ‘इथलं’ किंवा ‘आलेलं’ असं लिहिलं होतं. ताईंचं म्हणणं असं: चिंचेच्या शास्त्रीय नावातच ‘इंडिका’ आहे आणि सीताफळ भरहुतच्या प्राचीन स्तूपाच्या शिल्पांत कोरलेलं आहे, तरी मी दोघांना बाहेरचं ठरवलं. घाणेरीवर इतकी फुलपाखरं येतात, तरी ती काढा म्हटलं. शमी म्हणून जो फोटो दिला ती शमी नाहीच. आणि शेवटचा प्रश्न: माणसामाणसांत भेद काय थोडे आहेत, म्हणून आता झाडांतही देशी-परदेशी करायचं?

शमीपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे. ती शमी नाही, विलायती बाभूळ आहे. लेखात दुरुस्ती केली आहे.

चूक कशी झाली ते सांगायला हवं, कारण ती कुणाकडूनही होऊ शकते. मी पानं बघून नाव लिहिलं होतं. शमी आणि विलायती बाभूळ जवळच्या नात्यातल्या. दोघींची पानं बारीक पिसासारखी, दोघींचा फुलोरा पिवळसर, लांबट, बोटभर लोंबणारा. आपल्या नेहमीच्या बाभळीची फुलं गोल पिवळ्या गोंड्यांची असतात, त्यामुळे गोंडा दिसला नाही की ‘बाभूळ नाही, म्हणजे शमी’ असं मन चटकन म्हणून जातं. आज फांदी हातात धरून पाहिली. जिथून पान निघतं त्याच पेरावर काटे होते, बहुतेक ठिकाणी दोन-दोन, लांब आणि सरळ. दोन पेरांमधली फांदी गुळगुळीत. शमीचा काटा असा नसतो. तो आखूड, बुडाशी रुंद आणि फांदीवर कुठेही, पेरांच्या मधल्या भागातही विखुरलेला असतो, गुलाबाच्या काट्यासारखा. झाडाखाली दोन शेंगा पडल्या होत्या: चपट्या, गवताच्या काडीच्या रंगाच्या, गरानं भरलेल्या. शमीची शेंग बारीक, गोलसर आणि दोरीसारखी लोंबणारी असते. एवढं पाहिल्यावर शंका उरली नाही. जून शमी असेल तर राखाडी, खोल भेगा पडलेली साल आणि फांद्यांवर, पानांवर ठिकठिकाणी आलेल्या गाठी हीसुद्धा चांगली खूण आहे. या गाठी किड्यांमुळे आणि कोळ्यांच्या जातीच्या सूक्ष्म जिवांमुळे होतात.

ही दुरुस्ती मला महत्त्वाची वाटते. दसऱ्याला आपल्या इंदुरात शमीची पानं देतात-घेतात आणि गणपतीच्या पत्रीतही शमी लागते. माझा फोटो बघून कुणी भलत्याच झाडाची पानं पूजेला नेली असती. शिवाय विलायती बाभूळ भारतात साधारण १८७७ पासूनची, अमेरिकेकडून आणलेली. म्हणजे ज्या लेखात ‘आलेलं’ कसं ओळखावं हे मी सांगत होतो, त्याच लेखात एका आलेल्या झाडाला मी ‘इथलं’ लिहून बसलो होतो. तुम्ही बोललात म्हणून ते सुधारता आलं. मनापासून आभार.

चिंचेच्या बाबतीत मात्र मी लिहिलेलं मागे घेणार नाही.

‘टॅमरिंडस इंडिका’ हे नाव स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं १७५३ साली पक्कं केलं. लिनियस भारतात कधी आला नाही. युरोपात चिंच पोचली ती अरब व्यापाऱ्यांमार्फत आणि अरब तिला ‘तमर हिंदी’, हिंदचा खजूर, म्हणत, कारण त्यांच्याकडे ती आपल्याकडून जात होती. त्या ‘तमर हिंदी’चंच टॅमरिंडस झालं आणि वर आणखी इंडिका लागलं. एका नावात हिंद दोनदा आला, आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ ‘माल तिथून येतो’ एवढाच आहे. झाडाचं मूळ घर कुठलं हे त्यातून कळत नाही. याच्या उलट बोराचं बघा. आपल्या बोरीचं शास्त्रीय नाव ‘झिझिफस मॉरिशियाना’. म्हणून शबरीच्या बोरांना आपण मॉरिशसची म्हणणार का? बोर इथलीच.

लोकांनी ठेवलेली नावंही अशीच असतात. आपल्या मांडूला जी फुगलेल्या खोडांची प्रचंड झाडं आहेत, त्यांना सगळे खुरासानी इमली म्हणतात. मराठीत ती गोरखचिंच. खुरासान इराणकडे, पण झाड आफ्रिकेतलं, आणि त्याचं चिंचेशी नातं काहीच नाही. विलायती चिंच, जिला आपली मुलं जंगल जलेबी म्हणतात, ती विलायतेतून निघालेली नाही, मेक्सिकोच्या बाजूची आहे. सुबाभूळ हे नाव कानाला अगदी घरचं वाटतं, पण तेही झाड मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलंच. म्हणून पायवाटेवर मी नावाकडून मुळाकडे जात नाही.

मग कशावरून ठरवायचं? चिंचेच्या बाबतीत असं: आफ्रिकेच्या कोरड्या गवताळ रानांत चिंच कुणी न लावता, वस्तीपासून लांब, रानटी झाड म्हणून वाढते. आपल्याकडे जुनी चिंच कुठे भेटते ते आठवून बघा. गावकुसाजवळ, रस्त्याच्या कडेला, विहिरीपाशी, पडक्या वाड्याच्या आवारात. तिच्या शेजारी बहुधा माणूस असतो, किंवा पूर्वी होता. ती फार जुनी आहे यात वादच नाही. संस्कृतात तिला चिंचा, अम्लिका अशी नावं आहेत, आणि तुम्ही संस्कृत शिकवलेलं असल्यामुळे ते मी तुम्हाला सांगायला नको. ब्लॅक राजा नावाचं सुंदर काळं-पिवळं फुलपाखरू आपल्याकडे चिंचेच्या पानांवर अंडी घालतं, तिच्यावरच त्याची अळी वाढते. इतकी ती इथल्या जगण्यात मिसळली आहे. ‘आलेली’ या शब्दानं यातलं काहीही कमी होत नाही. लग्न होऊन आलेल्या पणजीला कुणी घरची नाही म्हणत नाही, पण तिचं माहेर कुठलं ते घरात सगळ्यांना ठाऊक असतं. मी फक्त माहेर लिहिलं आहे.

आता सीताफळ. भरहुतच्या शिल्पातल्या एका फळाला पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी सीताफळ म्हटलं होतं, हे तुमचं बरोबर आहे. पण ते सगळ्यांना पटलं नाही. दगडात कोरलेलं खवल्याखवल्याचं गोल फळ फणसही असू शकतं, कमळाचं बोंडही असू शकतं. शिल्पावरून जात ठरवणं कठीण, म्हणून मी दुसरीकडे बघतो: झाडाचे रानटी भाऊबंद कुठे राहतात? सीताफळाच्या प्रजातीतल्या बहुतेक जाती उष्ण अमेरिकेत आहेत, थोड्या आफ्रिकेत आहेत. भारताच्या रानात तिचा एकही मूळचा भाऊबंद नाही. रामफळ आणि लक्ष्मणफळ ही तिचीच भावंडं, आणि तीही अमेरिकेतून आलेली. आपल्या लोकांनी सगळ्या कुटुंबाला रामायणातली नावं दिली, यात मला मोठं प्रेम दिसतं. फक्त त्या नावांना जन्मदाखला समजू नये.

सीताफळाबद्दल एक गोष्ट मूळ लेखात राहून गेली होती. मांडूच्या उतारांवर, रालामंडलच्या खडकाळ बाजूला, तिकडे देवगिरीच्या आसपास, ते इतकं का माजतं? कारण शेळी त्याचं पान तोंडात घेत नाही. गुरंही घेत नाहीत. जिथे चराई जास्त, तिथे बाकीची रोपं खाल्ली जातात आणि सीताफळ उरतं. पुढच्या वेळी उतारावर गेलात की एक पान चुरगळून वास घ्या, शेळी का टाळते ते लगेच कळेल. आपल्या टेल्ड जे फुलपाखराची अळी मात्र ते आवडीनं खाते, कारण तिला त्याच कुळातल्या आसुपालवासारख्या झाडांची सवय आहे. म्हणजे पाहुण्याचं कुळ ओळखीचं असलं की इथले जीव त्याला लवकर स्वीकारतात.

आणि इथेच घाणेरीचं उत्तर आहे, ताई.

घाणेरीवर फुलपाखरं येतात हे खरंच. आमच्याकडे हिंदीत तिला राईमुनिया म्हणतात, नावातसुद्धा लाड आहे. फुलांत मध भरपूर, त्यामुळे पावसाळा संपता संपता तिच्यावर झुंबड असते. पण मध पिणं म्हणजे टपरीवर चहा पिणं. संसार वेगळ्या जागी होतो. अंडी कुठे घालतात ते बघा: प्लेन टायगर रुईवर, कॉमन एमिग्रंट बहाव्यावर, लाइम फुलपाखरू बेलावर आणि लिंबावर. घाणेरीच्या पानांवर अळ्या शोधा, फार क्वचित मिळतील. १९४१ साली घाणेरीला आवर घालायला तिची पानं शोषणारा, ढेकणाच्या जातीचा एक किडा मुद्दाम भारतात आणला होता, कारण इथल्या किड्यांना ती फारशी खाववत नव्हती. त्यानंही ती आटोक्यात आली नाही. ती बेलाच्या, बहाव्याच्या रोपांवर चढून त्यांचा उजेड अडवते, तिच्याखाली गवत उगवत नाही. आज मी एका जाळीत हात घालून बघितला. बाहेरून हिरवीगार, रंगीत. आत वाकड्या काट्यांच्या चौकोनी काड्यांचा गुंता आणि खाली कोरडी माती. त्या मातीत पळसाचं एक रोप होतं, तीन पानांचं, उजेडाच्या बाजूला वाकलेलं. आपल्या मालव्यात पळसाला खाखरा म्हणतात. पळस एरवी खडकावरही नेटानं उभा राहतो. हे रोप त्या जाळीतून वर येईल असं मला वाटत नाही.

तरी तुमच्या काळजीत एक खरी गोष्ट आहे, ती मी लिहायला हवी होती. घाणेरी एका दिवसात सगळी साफ करू नये. छोटे पक्षी तिच्या आडोशाला राहतात, तिची काळी फळं बुलबुल खातात. नुसती कापली तर बुंध्यातून दुप्पट फुटते. दिल्ली विद्यापीठातले सी. आर. बाबू आणि त्यांचे सहकारी यांनी जी पद्धत सांगितली ती सोपी आहे: जमिनीखाली, जिथून नवे फुटवे येतात त्या भागाच्या खाली मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे ते परत माती धरत नाही. मग रिकाम्या जागेवर गवत आणि इथली झुडपं येतील एवढं बघायचं. नाहीतर बुलबुलाच्या विष्ठेतून बी परत पडतंच. हे तुकड्यातुकड्यानं, दोन-तीन पावसाळे धरून करावं लागतं, आणि अभयारण्यात हे वनखात्याच्या परवानगीनंच होतं. रविवारी फिरायला गेलेल्यांनी आपल्या मनानं हात घालू नये.

आता भेदाचा प्रश्न. तो वाचून मी बराच वेळ थांबलो होतो, कारण तो झाडांपुरता नव्हता हे मला समजलं. आपण इंदूरचे मराठी लोकही कधीतरी कुठूनतरी आलेलेच. माझे पूर्वज होळकरांच्या चाकरीत आले आणि इथलेच झाले. म्हणून ‘आलेलं’ हा शब्द मी कुणाला कमी लेखायला वापरेन, हे माझ्याकडून होणार नाही. झाड कुठून आलं आणि ते इथे काय करतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चिंच आलेली आणि तिनं कुणाची जागा बळकावली नाही. गुलमोहर मादागास्करचा, तो लावलेल्या जागी उभा राहतो. गाजरघास १९५५ च्या सुमारास पुण्यात लक्षात आली आणि पाहता पाहता शेताच्या बांधापासून आपल्या कॉलनीच्या रिकाम्या प्लॉटपर्यंत पोचली, लोकांच्या अंगाला खाज आणि दमा घेऊन. तिघीही ‘आलेल्या’, पण वागणूक वेगळी. माझ्या यादीत पहिलाच प्रश्न होता, दुसरा नव्हता. वाचणाऱ्याला ‘आलेलं म्हणजे वाईट’ असं वाटणं साहजिक होतं. ती उणीव लेखाची आहे.

त्यामुळे यादीत आता आणखी एक रकाना घालतो आहे: आपोआप पसरतं का? आणि ‘इथलं’ म्हणजे भारतातलं हाही अर्थ पुरेसा नाही. सप्तपर्णी भारतातलीच, पण ती ओलसर रानांतली. आमच्या शहरात ती रस्तोरस्ती लावली आहे, म्हणून मालव्याच्या कोरड्या टेकडीवर तिला ‘इथली’ म्हणता येत नाही. तिथले खरे रहिवासी साग, साजा, धावडा, खैर, पळस आणि चिरोल, म्हणजे आपली वावळ. तिच्या पापडासारख्या चकत्या उन्हाळ्यात वाटभर उडत असतात.

तुम्ही लिहिलंत की उज्जैनला तुमच्या अंगणात खरी शमी आहे, सासऱ्यांनी लावलेली. उन्हाळ्यात तिला शेंगा येतील. तेव्हा एका फांदीचा जवळून फोटो काढाल का, काटे आणि शेंग दोन्ही दिसतील असा? लेखात चुकीच्या फोटोची जागा मी रिकामी ठेवली आहे, तिथे तो लावीन. त्याच्या शेजारी आजच्या विलायती बाभळीची फांदीही ठेवीन.