छाया : आप्पा

परवा आप्पांचा फोन आला. लग्नसराईत त्यांचा फोन सहसा येत नाही, कारण ते कुणाच्या तरी हळदीत असतात. तीस वर्षं दैनिकासाठी फोटो काढलेला माणूस आता ‘प्री-वेडिंग’ करतो. आमच्या जुन्या पेपराने एका दुपारी फोटो विभागच बंद केला आणि बातमीदारांना सांगितलं, मोबाइल आहेत की तुमच्याकडे! आप्पा हे हसत सांगतात. मला काही हसू येत नाही.

मी त्याच पेपरात डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून पानं लावणाऱ्यांत होतो. डेस्कवरच्या माणसाच्या लेखी फोटो म्हणजे पानातलं भोक बुजवायची वस्तू. बातमी कमी पडली की फोटो मोठा करायचा, ऐनवेळी जाहिरात आली की तोच तीन कॉलमांवरून एका कॉलमावर आणायचा. त्यात कुणाचे पाय कापले गेले तर गेले. खाली मुंगीएवढ्या टायपात ‘छाया : अमुक’, तेही जागा उरली तर.

एका मे महिन्यात रात्री साडेदहाला पाणीटंचाईची बातमी आली. सोबत फोटो नव्हता. मी संगणकात ‘विहीर’ शोधलं. कोरड्या विहिरीत दोर धरून उतरणारी बाई सापडली, आप्पांनीच काढलेली. लावून टाकली. ‘संग्रहित’ हा शब्द घालायचा राहिला. खरं सांगायचं तर राहिला नव्हता, फोटोओळ एका ओळीत बसत नव्हती म्हणून मीच उडवला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गावातून फोन : “साहेब, ती माझी चुलती. तिला जाऊन दोन वर्षं झाली. अन् आमच्याकडं आता नळ आलेत.”

आप्पा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “त्या दिवशी माझ्याबरोबर तालुक्याचा वार्ताहर होता. बाईचं नाव, दोर कुणाचा, दिवसाला किती हंडे, सगळं त्याच्या वहीत होतं. तू माझा फोटो घेतलास आणि त्याची वही फेकून दिलीस.”

फोटोपत्रकारितेबद्दल मला जे काही कळतं ते या वाक्यात आलं. फोटो आणि वही यांची ताटातूट केली की दोन्ही खोटं बोलायला लागतात.

26 नोव्हेंबर 2008 ची रात्र घ्या. सीएसटीवरचा तो फोटो तुम्ही पाहिलेला आहेच : निळा टी-शर्ट, पाठीवर सॅक, हातात एके-47. कसाब म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तोच येतो. काढला ‘मुंबई मिरर’च्या सेबॅस्टियन डिसूझा यांनी. स्टेशनासमोरच टाइम्सची इमारत, ‘मिरर’चं ऑफिसही तिथेच. गोळीबाराचं कळल्यावर कॅमेरे घेऊन ते रस्ता ओलांडून आत गेले, फलाटावर उभ्या असलेल्या गाडीच्या डब्यात शिरले आणि तिथून फोटो काढत राहिले. लोक जिथून पळत बाहेर येत होते, तिथे हा माणूस आत गेला. हे नाव निदान थोड्या लोकांना आठवतं. पण त्या रात्री स्टेशनात आणखी एक छायाचित्रकार होते, ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे श्रीराम वेर्णेकर. त्यांचं नाव दहा जणांना विचारून पाहा. मी विचारलं. पत्रकारांनाच विचारलं. दोघांना माहीत होतं.

पुढे कसाबच्या खटल्यात डिसूझा आणि वेर्णेकर दोघेही साक्षीला उभे राहिले. लोकांचा समज असतो की फोटो स्वतःच बोलतो. कोर्टात तो एकटा बोलत नाही. हा मी काढला, अमुक जागी उभा राहून काढला, समोर हे घडत होतं, असं शपथेवर सांगणारा माणूस त्याच्यामागे लागतो. 29 ऑगस्ट 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली, त्या निकालपत्रात या दोघांच्या धाडसाची आणि कामाची खास दखल आहे. स्वतःच्या जिवाची पर्वा न करता ते मारेकऱ्यांच्या पाठोपाठ राहिले, असं न्यायमूर्तींनी लिहून ठेवलंय. पद्म पुरस्कारापेक्षा मला हा मान मोठा वाटतो. ज्याला तसं वाटत नाही त्याच्याशी माझं भांडण नाही.

“पण आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे,” हे उत्तर मला माहीत आहे. त्यात तथ्यही आहे. म्यानमारमधलं इन दिन गाव आठवा. सप्टेंबर 2017 मध्ये तिथे दहा रोहिंग्या पुरुषांना मारून एकाच खड्ड्यात पुरलं. मारण्याआधी ते ओळीने गुडघ्यांवर बसलेत, असा फोटो आहे. तो कुठल्याही वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकाराने काढलेला नाही. गावातल्या एका बौद्ध वडीलधाऱ्याने तो रॉयटर्सच्या हाती दिला. म्हणजे तिथे फोटोग्राफर नव्हताच. मग बातमी कशी झाली? वा लोन आणि क्यॉ सो ऊ हे रॉयटर्सचे दोन बातमीदार गावात जाऊन माणसं शोधत, विचारत राहिले. सीमेपलीकडे बांगलादेशातल्या छावण्यांत त्यांचे सहकारी तोच फोटो घेऊन कुटुंबांकडे गेले, आणि बायकांनी, भावांनी एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नावं सांगितली. कुणी मासेमार, कुणी दुकानदार, एक धर्मशिक्षक, दोन शाळकरी पोरं. दहा चेहऱ्यांना दहा नावं मिळाली तेव्हा कुठे त्या फोटोचा पुरावा झाला. दोन्ही बातमीदारांनी त्यापायी पाचशेहून जास्त दिवस तुरुंगात काढले. फोटो देणाऱ्याच्या, चेहरे ओळखणाऱ्यांच्या आणि लिहिणाऱ्यांच्या कामातलं एक जरी वजा केलं तरी काय उरतं ते बघा.

म्हणून माझं भांडण मोबाइलशी नाही. एकाच माणसाने प्रश्न विचारायचे, टिपून घ्यायचं, फोटो काढायचा, व्हिडिओ करायचा आणि तिथूनच पाठवायचा, या हिशेबाशी आहे. 2013 मध्ये अमेरिकेतल्या ‘शिकागो सन-टाइम्स’ या दैनिकाने आपले सगळे, म्हणजे 28 छायाचित्रकार एका झटक्यात घरी पाठवले. त्यांत पत्रकारितेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक मिळवलेले जॉन व्हाइटही होते. बातमीदारांना आयफोनवर फोटो काढायचं शिकवू म्हणाले. तेव्हा आम्ही डेस्कवर चहा पीत ही बातमी वाचून हळहळलो होतो. ती परगावची बातमी नाही, हे कळायला आम्हाला उशीर लागला.

बातमीदार समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलतो. त्याच वेळी फोटोग्राफर त्या माणसाच्या हातांकडे, मागच्या भिंतीकडे, दारात उभ्या पोराकडे बघत असतो. मोटारसायकलवरून परत येताना दोघं वाद घालतात, तू हे पाहिलंस का, त्याने ते म्हटलं का. निम्मी बातमी त्या मोटारसायकलवर लिहिली जाते. दोन माणसं पाठवायला परवडत नाही, हे मी मालकांकडून इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. पुरवणीत सिनेनटीचे फुकट आलेले आठ फोटो छापायला मात्र रंगीत कागद परवडतो. असो.

या पोस्टबरोबर त्या विहिरीचाच फोटो टाकावा असं वाटत होतं. आप्पांना विचारलं. म्हणाले, “टाक की. पण खाली बाईचं नाव घाल, तारीख घाल आणि वार्ताहराचंही नाव घाल.” बाईचं नाव आता त्यांनाही आठवत नाही. वार्ताहराचा नंबर शोधतोय. तोवर पोस्ट बिनफोटोचीच जाऊ द्या.