अळीच्या क्ष-किरण स्कॅनबद्दलच्या तुमच्या तक्रारीवर

नमस्कार. ‘३ मिलिमीटरची अळी टाचणीला चिकटवायला चार दिवस, आणि परत आली ती तपकिरी, आकसलेली,’ असं लिहून तुम्ही आम्हाला दोन तारे दिलेत. रंगाबाबत चूक आमची आहे, म्हणून आधी तेच.

मऊ ऊतींमधून क्ष-किरण जवळपास सारखेच आरपार जातात. अळी तशीच स्कॅन केली असती तर वरची कातडी आणि आत करडा लगदा, एवढंच दिसलं असतं. म्हणून ती दोन दिवस क्ष-किरण अडवणाऱ्या आयोडीनमध्ये ठेवली. तुमच्या चित्रांत स्नायू आणि आतडं वेगळं दिसतं ते त्यामुळेच. पण आयोडीनने ऊती आकसतात. द्रावण जितकं कडक, तितक्या जास्त. हे आधी विचारायला हवं होतं, आम्ही गृहीत धरलं. तुमच्याकडे ती एकच अळी होती हे तर अभिप्राय वाचून कळलं. मनापासून माफी मागतो. सोडियम थायोसल्फेटने रंग बराचसा उतरतो, ते काम आम्ही फुकट करून देऊ. आकसलेली अळी मात्र पूर्ववत होणार नाही, खोटा दिलासा देत नाही.

‘नुसतं चिकटवणं’ मात्र मला मान्य नाही. ओली अळी टाचणीला चिकटवली तर स्कॅन चालू असतानाच सुकते आणि हलते. तुम्हाला २ मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) व्हॉक्सेल, म्हणजे त्रिमितीय चित्राचा सर्वांत लहान ठोकळा, हवा होता. क्ष-किरण टिपणारा आमचा डिटेक्टर साधारण २००० पिक्सेल रुंद, म्हणजे स्कॅनसाठी अळी गोल फिरवताना सगळं ४ मिलिमीटरच्या आत मावलं पाहिजे आणि काही तास जागचं ढळता कामा नये. म्हणून पिपेटच्या टिपेत अल्कोहोल भरून त्यात अळी अलगद अडकवतो आणि दोन्ही तोंडं बंद करतो.

तिसरा दिवस इथेच गेला. आत एक बारीक बुडबुडा राहिला होता. यंत्राच्या उबेत तो फुगला, अळी सरकली आणि चित्रात प्रत्येक कडा दोनदा उमटली. पुन्हा बसवली, रात्रभर यंत्रातच स्थिरावू दिली, मग स्कॅन केलं. बुडबुडा आमच्या नजरेतून सुटला, तेव्हा त्या दिवसाचे पैसे परत करतो.

रंग उतरवायला अळी पाठवाल तेव्हा ती अल्कोहोलमध्येच, काठोकाठ भरलेल्या कुपीत पाठवा. कापसात नको, तंतू पायांत अडकतात.