‘८० मिमीपेक्षा लहान स्कोप म्हणजे खेळणं’ हे खरं नाही

“स्पॉटिंग स्कोप घ्यायचाच तर ८० मिमी भिंगाचा आणि ६० पटीचा घ्या. त्याहून लहान म्हणजे खेळणं. वजनाची काय, सवय होते.” पक्षीनिरीक्षणाला लागलेल्या माणसाला हा सल्ला कधी ना कधी मिळतोच. (स्पॉटिंग स्कोप म्हणजे ट्रायपॉडवर बसवून लांबचे पक्षी पाहायची एकनळी दुर्बीण; पट म्हणजे ती पक्षी किती पट मोठा दाखवते ते.) पायी डोंगर चढून पक्षी पाहणाऱ्यासाठी तो चुकीचा आहे. त्यापायी उत्तम स्कोप कपाटात पडून राहतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

“लहान स्कोपमधून अंधुक दिसतं.” भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी कळते. ५० मिमीचा स्कोप २५ पटीवर २ मिमी झोत देतो. ८० मिमीचा ४० पटीवर तेवढाच. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिमीइतकी आक्रसलेली असते, त्यामुळे एवढा झोत सहसा पुरतो. आणि ज्या ६० पटीची एवढी भलामण होते, तिथे ८० मिमीचा झोत जेमतेम १.३ मिमी उरतो, म्हणजे ५० मिमीच्या ३८ पटीइतकाच अंधुक! पहाटे आणि तिन्हीसांजेला मात्र मोठं भिंग सरस ठरतं. ते अडीच पट प्रकाश गोळा करतं. गाडीपासून चार पावलांवर उभं राहून पाणपक्षी पाहायचे असतील तर जरूर मोठा घ्या.

“६० पटीत बारकावे जास्त दिसतात.” हवा स्थिर असेल तर दिसतात. ऊन तापलं की जमिनीलगतची हवा थरथरते आणि स्कोप पक्ष्याबरोबर ती थरथरही मोठी करतो. समोरच्या कड्यावर बसलेला बहिरी ससाणा मी एकदा ६० पटीवर पाहत होतो. पाण्याखाली धरल्यासारखा हलत होता; गालावरची काळी पट्टी मधूनच विरघळायची. झूम उतरवत ३० वर आणला तशी पट्टी रेखीव झाली आणि पंजाखाली उपटलेली पिसंही दिसली. शिवाय पट वाढली की दृश्य आकसतं, आणि उडता पक्षी शोधेपर्यंत तो निघून गेलेला असतो.

“वजनाची सवय होते.” मोठा स्कोप आयपीससह (म्हणजे डोळा लावायच्या भिंगासह) दीड-दोन किलो, त्याला पेलणारा ट्रायपॉड आणखी दोन किलो. लहान स्कोप एक किलोच्या आत राहतो आणि किलो-सव्वा किलोच्या ट्रायपॉडवर नीट बसतो. खाली बसून पाय आखूड ठेवा, मधला दांडा वर काढू नका, वारा असेल तर पाठपिशवी ट्रायपॉडला अडकवा. हलका ट्रायपॉडही मग स्थिर उभा राहतो.

“हलका म्हणजे हलक्या दर्जाचा.” निकॉनच्या ईडी५० ची आयपीसशिवायची बॉडी साधारण साडेचारशे ग्रॅमची, आणि तरी त्यात ईडी काच, म्हणजे कडेची रंगीत किनार कमी करणारी खास काच आहे. दर्जा स्वतः तपासा: उजळ आकाशासमोरची काळी फांदी पाहा. कडेला जांभळी-हिरवी किनार ठळक दिसली तर तो स्कोप ठेवून द्या. चष्मा असेल तर आयपीसपासून किमान १५ मिमी अंतरावरूनही पूर्ण वर्तुळ दिसायला हवं. आणि शक्यतो तिरप्या आयपीसचाच घ्या, म्हणजे ट्रायपॉड बुटका ठेवता येतो आणि सोबतच्या लहान मुलालाही वाकून ससाणा पाहता येतो.