‘सी ड्राइव्ह लाल झाला? हे पाच फोल्डर उडवा!’

परवा आणखी एक पीसी गेला. पूर्ण गेला असता तर परवडलं असतं. चालू आहे आणि छळतोय. हाउसिंग सोसायटीच्या ऑफिसातला, बरा चाललेला. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली, सेक्रेटरीकाकांनी चाळीस सेकंदांचं रील बघितलं. रीलमधल्या पोराने ‘विंडोज’च्या आतला ‘इन्स्टॉलर’ नावाचा लपवलेला फोल्डर उघडून दाखवला, “जुने सेटअप आहेत गाइज, काही कामाचे नाहीत,” म्हणाला, आणि काकांनी शिफ्ट-डिलीट मारलं. शिफ्ट-डिलीट! म्हणजे रिसायकल बिनमधून उचलून आणायची सोयसुद्धा ठेवली नाही. अकरा जीबी मोकळे झाले, पट्टी निळी झाली, काका खूश.

तीन दिवस. चौथ्या दिवशी हिशेबाच्या सॉफ्टवेअरने अपडेट घ्यायला घेतलं आणि खिडकी आली: ‘द फीचर यू आर ट्राइंग टू यूज इज ऑन अ नेटवर्क रिसोर्स दॅट इज अनअव्हेलेबल’. खाली ब्राउझचं बटण आणि एका एमएसआय फाइलची, म्हणजे मूळ सेटअपच्या फाइलची, मागणी. आणायची कुठून? सॉफ्टवेअर कधीकाळी कुणीतरी पेनड्राइव्हवरून टाकलं होतं. तो पेनड्राइव्ह आता कुणाच्या तरी गाडीत गाणी वाजवतोय. बरं, काढून टाकावं तर एरर १६१२, मूळ सेटअप सापडत नाही. दुरुस्त होत नाही, निघत नाही, वर नवीन बसू देत नाही. सॉफ्टवेअर आहे की पागडीचा भाडेकरू?

त्या फोल्डरमध्ये जुने सेटअप नसतात हो! एमएसआयवाटे बसवलेल्या प्रत्येक प्रोग्रामची आणि त्याच्या पॅचची (नंतर आलेल्या दुरुस्तीची) प्रत विंडोज तिथे जपून ठेवतं. अपडेट, रिपेअर, अनइन्स्टॉल, तिन्ही वेळा तीच प्रत लागते. नावं ‘३एफ२बी१’ छापाची, म्हणून कचरा वाटतात. आणि आता हुशारी अशी निघाली की शेजारच्या ऑफिसातल्या पीसीवरून तोच फोल्डर कॉपी करून आणू. नाही चालत. ती नावं त्या त्या मशीनपुरती असतात. शेजाऱ्याच्या किल्लीने आपलं कुलूप उघडत नाही. सिस्टिमचा बॅकअप असेल तर तो परत चढवायचा. नसेल तर प्रत्येक प्रोग्रामचा नेमक्या त्याच आवृत्तीचा मूळ सेटअप शोधायचा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एमएसआयएक्झेक /एफव्ही’ देऊन पुढे त्या फाइलचा पत्ता द्यायचा, म्हणजे प्रत पुन्हा जागेवर बसते. तेही जमलं नाही तर मायक्रोसॉफ्टचा इन्स्टॉल-अनइन्स्टॉल ट्रबलशूटर निदान अडकलेली नोंद उपटून देतो. एका प्रोग्रामला अर्धा तास धरा. त्या पीसीवर असे चौदा आहेत. रीलवाला पोरगा येणार आहे का बसायला?

आणि हे नवीन नाही, हे जास्त डोक्यात जातं. २००१ साली ईमेल फिरली: ‘सल्फएनबीके’ नावाची फाइल व्हायरस आहे, ताबडतोब उडवा, दहा जणांना कळवा. ती बिचारी लांबलचक फाइलनावं परत मिळवून देणारी विंडोजचीच फाइल. २००२ ला पुढचा नंबर ‘जेडीबीजीएमजीआर’चा. तिचा आयकॉन टेडी बेअरचा, म्हणून व्हायरस! जगभर लोकांनी स्वतःच्या हाताने उडवली. व्हायरस लिहायचीसुद्धा गरज नाही, नुसतं पत्र पुरतं. वीस-पंचवीस वर्षांत फरक एवढाच पडला की पत्राच्या जागी रील आलं आणि मागे म्युझिक लागलं.

नाव विचित्र म्हणून उडवा. मोठी दिसते म्हणून उडवा. दोनदा दिसते म्हणून उडवा. रिकामी आहे म्हणूनही उडवा! एप्रिल २०२५ च्या सुरक्षा अपडेटनंतर सी ड्राइव्हवर ‘आयनेटपब’ नावाचा रिकामा फोल्डर उगवला. शून्य बाइट. जागेचा प्रश्नच नाही, तरी लोकांचे हात शिवशिवले. तो रिकामा फोल्डर हाच सुरक्षेच्या दुरुस्तीचा भाग होता. काढू नका म्हणून मायक्रोसॉफ्टला सांगावं लागलं. अर्थात आधी गुपचूप टाकायचा आणि लोकांनी उडवल्यावर खुलासा करायचा, ही त्यांची जुनी खोड. ज्यांनी उडवलाय त्यांनी ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये जाऊन इंटरनेट इन्फर्मेशन सर्व्हिसेस चालू करा, फोल्डर योग्य परवानग्यांसकट परत येतो. मग हवं तर ते फीचर बंद करा. फोल्डरला हात लावू नका.

नावं ठेवायची अक्कलही त्यांचीच. ६४-बिट विंडोजमध्ये ६४-बिट फाइली कुठे? ‘सिस्टिम३२’मध्ये. आणि ३२-बिट फाइली? ‘सिसवाओ६४’मध्ये. नावातल्या ६४ ला भुलून ‘डबल कॉपी’ म्हणून त्यातलं काही उडवलंत की सगळे जुने ३२-बिट प्रोग्राम एका दमात गार.

‘विनएसएक्सएस’ची, म्हणजे विंडोजच्या सुट्या भागांच्या कोठाराची, तर वेगळीच रड. प्रॉपर्टीज उघडल्या की आकडा बघून छाती दडपते. पण त्यातल्या कितीतरी फाइली सिस्टिम३२ मधल्याच असतात, हार्ड लिंकने दोन नावांनी दिसतात आणि एक्सप्लोरर दोनदा मोजतो. खरा आकडा हवा तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /ॲनालाइझकंपोनंटस्टोअर’ (इंग्रजीत टाइप करा, महाराजा). त्याने सफाई करायला सांगितलं तर शेवटचा शब्द बदलून ‘/स्टार्टकंपोनंटक्लीनअप’. पुढे ‘/रिसेटबेस’ जोडायला कुणी शिकवलं असेल तर लक्षात ठेवा, मग आधी बसलेली अपडेट मागे घेता येत नाहीत. आणि ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ म्हणजे सिस्टिम फाइलींचा विंडोजने नेमलेला मालक. ‘तो परवानगी देत नाही, मालकी आपल्याकडे घ्या’ असं सांगणारा व्हिडिओ त्याच क्षणी बंद करायचा. दाराला कुलूप आहे ते तुमच्याचसाठी आहे.

मोठ्या फाइलींचं म्हणाल तर हायबरनेटसाठी राखलेली ‘हायबरफिल’ खुशाल घालवा, पण दारातून. लॅपटॉपवर हायबरनेट वापरत नसाल तर ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’, विषय संपला. १६ जीबी रॅमला साधारण साडेसहा जीबी सुटतात. फास्ट स्टार्टअपही त्याबरोबर जातं, मग ‘पीसी उशिरा चालू होतो’ म्हणून फोन करू नका. रॅम कमी पडली की कामी येणाऱ्या ‘पेजफाइल’ला मात्र हात नको. ‘रॅम भरपूर आहे’ म्हणणाऱ्यांचाच ब्राउझर पन्नास टॅबांवर आपटतो. ‘प्रीफेच’ साफ करणाऱ्यांना काय म्हणावं? प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणून ठेवलेल्या नोंदींचा तो फोल्डर विंडोज स्वतः आटोक्यात ठेवतं. तुम्ही पुसलात की प्रत्येक प्रोग्राम पुढच्या वेळी हळू उघडतो, मग तुम्ही ‘स्लो झाला’ म्हणून पुन्हा पुसता. विंडोजच्या सेटिंग्जची वही ‘साफ’ करणाऱ्या रजिस्ट्री क्लीनरवाल्यांचं तर नावही काढू नका, बीपी वाढतं.

आणि ते स्क्रीनशॉट! टास्क मॅनेजरवर लाल गोल काढून, ‘एसव्हीसीहोस्ट साठ वेळा चालू आहे, हॅक झालंय का?’ नाही झालं. २०१७ पासून साडेतीन जीबीहून जास्त रॅम असलेल्या विंडोज १० वर बहुतेक सर्व्हिसला (म्हणजे मागे चालणाऱ्या विंडोजच्या कामाला) तिला चालवणारा वेगळा एसव्हीसीहोस्ट मिळतो, एक पडली तर बाकीच्या पडू नयेत म्हणून. शंका असेल तर राइट-क्लिक, ‘ओपन फाइल लोकेशन’. सिस्टिम३२ किंवा सिसवाओ६४ उघडलं तर झोपा. टेम्प किंवा ॲपडेटा उघडलं, किंवा नाव ‘एससीव्हीहोस्ट’ असं अक्षरं उलटवून लिहिलेलं असलं, तर उठा. प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचरचा टॅब नाही म्हणूनही बोंब नको. विंडोजच्या बऱ्याच फाइलींची सही वेगळ्या कॅटलॉगमध्ये असते. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं ‘सिगचेक’ ती वाचून दाखवतं.

मधेच कुणीतरी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या बिघडलेल्या अपडेटचा विषय काढतोच. १९ जुलै २०२४, ८५ लाख मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली, आणि उपाय काय होता? सिस्टिम३२ मध्ये जाऊन फाइल उडवा! होता ना. पण नेमका फोल्डर, ‘सी-०००००२९१’ने सुरू होणारी नेमकी फाइल, आणि सांगणारा ती बनवणाराच. गाइज-गाइज करणारा पोरगा नव्हे.

असो. एवढं तोंडसुख घेणाऱ्याच्या स्वतःच्या डेस्कटॉपवर ‘न्यू फोल्डर (९)’ आहे, आणि त्यात पहिले आठ आहेत. उघडायची छाती होत नाही. त्यामुळे फार उंचावरून बोलायची सोय नाही.

तरी जागा हवी तर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. किंवा डिस्क क्लीनअपमधलं ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’. ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ला टिक करा. ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’ला टिक करा, मात्र जुन्या विंडोजवर परत जायचं नाही हे पक्कं असेल तरच. यादी वाचून टिक करा. कारण विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीत (२०१८) या शहाण्यांनी त्याच यादीत डाउनलोड्स फोल्डर घुसवला होता, आणि सगळ्यावर टिक मारणाऱ्यांचे पासपोर्टचे स्कॅन गेले.

डाउनलोड्सवरून आठवलं. सोसायटीच्या त्या पीसीवरचा डाउनलोड्स फोल्डर ६२ जीबीचा निघाला. मेंटेनन्सच्या बिलाची एकच पीडीएफ, (१) पासून (१४) पर्यंत. सीसीटीव्हीचं गेल्या वर्षीचं फुटेज, कुणी सायकल नेली ते बघायला उतरवलेलं. आणि तीन गणपतींच्या मिरवणुकांचे व्हिडिओ, प्रत्येक दोनदा. ते उडवू का विचारलं, तर काका म्हणाले, “छे छे, ते राहू दे. आठवण आहे.”